ग्वाल्हेरची थंडी, फुटपाथवरची माणसं आणि आपले पाच गट

लष्करकर | ९ नोव्हेंबर, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी,

गेल्या जानेवारीतली एक रात्र डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

आमच्या गल्लीतले आम्ही नऊ जण ब्लँकेटं घेऊन बाड्यावर, म्हणजे शहरातल्या बाजारचौकात, गेलो होतो. दुकानाच्या ओट्यावर एक बाबा झोपले होते. त्यांच्या उशाशी तीन नवी कोरी ब्लँकेटं, प्लास्टिकच्या पिशवीसकट. आम्ही चौथं पुढे केलं तर उठून बसले आणि म्हणाले, "बेटा, आज रात में तुम चौथे हो. परसों कोई नहीं आया था." रागाने नाही, सांगायचं म्हणून सांगितलं.

उरलेली ब्लँकेटं तिथेच आसपास वाटून आम्ही कंपू भागातून परतलो. रात्रीचा एक वाजला असेल. हॉस्पिटलच्या भिंतीला टेकून एक अम्मा बसल्या होत्या. दोन्ही पाय पिठाच्या रिकाम्या पोत्यात घातलेले आणि पोत्याचं तोंड सुतळीने गुडघ्याशी बांधलेलं. आमच्याकडे एकही ब्लँकेट उरलं नव्हतं. बरोबरच्या मुलीने अंगावरची शाल काढून त्यांना पांघरली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर जागा रिकामी. त्या कुठे गेल्या हे विचारणार कुणाला? नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. आजही माहीत नाही.

आपल्या शहरात हे काम करणारे पाच गट तर मलाच ठाऊक आहेत: आम्ही, गुरुद्वाऱ्यातली तरुण मुलं, एका कॉलेजची एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) तुकडी, एक मंदिराचं मंडळ आणि दाल बाजारातले काही व्यापारी. सगळे मनापासून करतात. पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. मागच्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला होता, तो आठ दिवसांत सुप्रभातच्या फुलांखाली गाडला गेला.

माझा प्रश्न असा: या हिवाळ्यात हे सगळं एका दोरीत कसं ओवायचं? कोणी कुठल्या रात्री कुठे जायचं हे कोण ठरवणार? आणि ब्लँकेट देऊन झाल्यावर पुढे काय? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

मुरारवासी | ९ नोव्हेंबर, रात्री १०.५१

अगदी खरं. मुरारकडे कोणी फिरकतच नाही. सगळ्यांच्या गाड्या स्टेशन आणि बाड्यावर. फोटोला उजेड तिथे चांगला येतो, हेही एक कारण असावं.

---

गोरखी | १० नोव्हेंबर, सकाळी ७.३०

मी थोडं वेगळं बोलतो, राग नसावा.

हे काम आपलं नाही, सरकारचं आहे. आपण रजया वाटत बसलो की ज्यांनी निवारे उघडायचे ते निवांत राहतात. सर्वोच्च न्यायालयात २००१ पासून अन्नाच्या हक्काचा खटला चालला. त्यातच २०१० च्या जानेवारीत, दिल्लीत ऐन थंडीत एक निवारा पाडल्यानंतर, न्यायालयाने बेघरांच्या निवाऱ्याचा प्रश्न हातात घेतला. पुढे राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात निकष ठरला: दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय असलेला कायमचा निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा, आणि तो चोवीस तास, बारा महिने उघडा. २०११ च्या जनगणनेतच ग्वाल्हेर दहा लाखांच्या वर होतं. म्हणजे हजार माणसांची सोय हवी. ती आहे का, हे विचारायला आपल्यातले किती जण गेले?

सगळ्या गटांनी मिळून आधी हा प्रश्न लेखी विचारावा. ब्लँकेट नंतर.

---

पांढरा_कोट | १० नोव्हेंबर, दुपारी २.१५

गोरखी, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण "ब्लँकेट नंतर" हे मला पटत नाही. मी हॉस्पिटलच्या अपघात विभागात रात्रपाळ्या केल्या आहेत. जानेवारीत पारा तीन-चार अंशांवर येतो तेव्हा अर्जाचं उत्तर येईपर्यंत माणूस थांबत नाही.

थोडं कामाचं लिहिते, रात्री फिरणाऱ्या सगळ्यांना उपयोगी पडेल.

शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की धोका सुरू होतो. माणूस कुडकुडतोय तोवर शरीर लढत असतं. कुडकुडणं थांबलं, बोलणं जड झालं, चालताना तोल जायला लागला की समजा वेळ कमी आहे. आणि नेमकं याच वेळी तो दारू प्यायल्यासारखा दिसतो. "पिऊन पडलाय" म्हणून लोक पुढे जातात. मी अशी माणसं सकाळी आणलेली पाहिली आहेत. खरोखर प्यायलेला असला तर धोका आणखी मोठा, कारण दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, ऊब आल्यासारखी वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

अशा वेळी ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण घाला, डोकं झाका. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तर गोड गरम चहा द्या. हातपाय चोळू नका, एकदम शेकोटीजवळ नेऊ नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत तिथून हलू नका.

आणखी एक. थंडी वरून लागते त्याहून जास्त खालून लागते. फरशी अंगातली ऊब ओढून घेते. एका माणसाला तीन ब्लँकेटं मिळाली तर दोन खाली घालायला सांगा. निवडणुकीचे जुने फ्लेक्स जमवा: खाली फ्लेक्स, त्यावर पुठ्ठा किंवा पोतं, त्यावर ब्लँकेट. पैसा लागत नाही. आणि बंद टपरीत किंवा बंद गाडीत कोळशाची शेगडी घेऊन कोणी झोपत असेल तर त्याला उठवाच. त्या धुराने माणूस झोपेतच जातो.

लष्करकर, त्या अम्मांनी पोत्याचं तोंड बांधलं होतं ना, ते अगदी शहाणपणाचं होतं.

---

तिळगूळ | १० नोव्हेंबर, दुपारी ३.०२

पांढरा_कोट, हा प्रतिसाद छापून खिशात ठेवण्यासारखा आहे. फ्लेक्सची आयडिया तर फारच आवडली. नेत्यांचे हसरे चेहरे निदान कुणाच्या पाठीला ऊब देतील :)

---

मुरारवासी | १० नोव्हेंबर, दुपारी ३.१०

चेहरा खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर पुढची निवडणूक येईपर्यंत झोप लागायची नाही :)

---

बडोदेकर | १० नोव्हेंबर, रात्री ९.४०

वडोदऱ्याहून लिहितोय. माझं आजोळ ग्वाल्हेरचं, त्यामुळे धागा आतड्याने वाचला.

आमच्याकडे चार-पाच मंडळं एकत्र आली तेव्हा आम्ही वाटपाच्या आधी मोजणी केली. जनगणनेतसुद्धा घर नसलेल्यांची मोजणी एका रात्रीत करतात. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशभरात १७ लाखांच्या वर आकडा आला, त्यातले ९ लाखांवर शहरांमधले. कारण सरळ आहे, दिवसा मोजलं तर तोच माणूस तीन चौकांत तीनदा मोजला जातो.

आमच्या चुकाही सांगतो. पहिल्यांदा आम्ही रात्री नऊला निघालो. दुकानं उघडी होती आणि ज्यांच्या ओट्यावर ही माणसं झोपतात ते ओटे अजून मोकळेच झाले नव्हते. शटर पडल्याशिवाय अंथरूण पडत नाही. दुसऱ्यांदा साडेअकराला निघालो तेव्हा खरं शहर दिसलं.

दुसरी चूक मोठी. हॉस्पिटलबाहेर झोपलेल्या सगळ्यांना आम्ही बेघर धरलं. निम्मे तर आत दाखल असलेल्या पेशंटचे नातेवाईक निघाले. त्यांना घर आहे, शेत आहे, फक्त इथे रात्र काढायला छप्पर नाही. त्यांना धर्मशाळा हवी. तुमच्याकडे जयारोग्य हॉस्पिटलच्या आवारात हेच असणार. मग मजुरीला आलेली कुटुंबं, शिवपुरी-श्योपूरकडची असतील, ती हंगामापुरती येतात आणि एकत्रच राहतात. त्यांना बाया एकीकडे आणि पुरुष एकीकडे अशा निवाऱ्यात घातलंत तर ती दुसऱ्या दिवशी निघून जातील. आणि मग उरतात खरोखर एकटी पडलेली म्हातारी माणसं आणि मन हरवलेली माणसं. चौघांची गरज चार तऱ्हेची. ब्लँकेट मात्र आपण सगळ्यांना एकच देतो.

---

राजवाडा_इंदूर | ११ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

बडोदेकरांचं मोजणीचं बरोबर आहे, पण यादी करताना दहा वेळा विचार करा, हे मी इंदूरचा माणूस म्हणून हात जोडून सांगतो.

२९ जानेवारी २०२१. आमच्या शहरातल्या म्हाताऱ्या बेघर माणसांना ट्रकमध्ये भरून देवास रस्त्यावर क्षिप्रेजवळ सोडायला नेलं होतं. कडाक्याची थंडी. गावकऱ्यांनी अडवलं, व्हिडिओ काढला, म्हणून त्यांना परत आणलं. ते व्हिडिओ मी पाहिलेत. एका आजीला धड उभंही राहता येत नव्हतं आणि त्यांचं गाठोडं रस्त्यावर पडलं होतं. पुढे अधिकारी निलंबित झाले, सगळं झालं. पण त्या आजीच्या नजरेतून "हे लोक आपल्याला उचलून नेतात" हे पुसलं जाईल का?

मध्य प्रदेशात १९७३ चा भिक्षावृत्ती निवारण कायदा आहेच. वर १ जानेवारी २०२५ पासून इंदुरात भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला. पुनर्वसनाचं चांगलं कामही झालं, ते मी नाकारत नाही. पण "अमुक माणूस अमुक ठिकाणी झोपतो" असा कागद एकदा तयार झाला की तो मदतीला वापरायचा की हटवायला, हे कागद ठरवत नाही. तो ज्याच्या हातात आहे तो ठरवतो.

---

बडोदेकर | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.००

हे मान्य. आमच्याकडे तर भीक मागण्याविरुद्धचा १९५९ चा मुंबईचा कायदा आहे. आम्ही यादी मोबाइलवर ठेवलीच नाही. एक वही, एका बाईंकडे. पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. समोरच्या माणसाने जे सांगितलं तेवढंच लिहायचं आणि लिहू का म्हणून विचारूनच. फोटो नाही.

---

शेवंती | ११ नोव्हेंबर, रात्री ११.३०

आत्तापर्यंत नुसती वाचत होते. आज लिहिते.

माझे धाकटे काका बारा वर्षांपूर्वी घरातून निघून गेले. हुशार होते, गणित शिकवायचे. मग आवाज ऐकू यायला लागले, औषधं बंद केली आणि एका पहाटे दार उघडं. सात महिन्यांनी ते परराज्यातल्या एका स्टेशनवर सापडले. दाढी छातीपर्यंत, पायाला जखम. कोणी शोधलं? फलाटावरच्या चहावाल्याने. तो रोज त्यांना चहा द्यायचा आणि रोज एकच प्रश्न विचारायचा, "मास्तर, गाव कोणतं?" काका कुणाला तरी पाढे म्हणून दाखवत बसायचे, म्हणून मास्तर. एक दिवस काका म्हणाले, "दौलतगंज." त्याने तीन दिवस विचारत विचारत दौलतगंज कुठल्या शहरात आहे ते शोधून काढलं.

तर लष्करकर, पुढे काय या तुमच्या प्रश्नाला माझं एवढंच उत्तर आहे की तोच माणूस त्याच जागी परत परत गेला पाहिजे. रोज नवा चेहरा, नवं पाकीट, असं झालं असतं तर काका बोलले नसते.

कायद्याचं मला नंतर कळलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे. मनाच्या आजाराने भटकणारा माणूस दिसला तर त्याला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीला नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. आपल्या शहरात तर मानसिक आरोग्यशाळा १९३५ पासून आहे. आणि कर्जतची श्रद्धा संस्था, डॉ. भरत वाटवानींची, ज्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं, ती अशा माणसांना बरं करून थेट त्यांच्या गावी पोचवते. हे होऊ शकतं. माझे काका आज घरी आहेत.

---

तिळगूळ | ११ नोव्हेंबर, रात्री ११.४४

शेवंतीताई, वाचून काही सुचत नाहीये. त्या चहावाल्याला नमस्कार.

---

गोरखी | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

ताई, मीही दौलतगंजचाच. काकांना कधी भेटायला आलो तर चालेल का? माझा मुलगा दहावीत आहे आणि गणितात रडतो.

---

शेवंती | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.४५

या की. काकांना फार आनंद होईल. मात्र पाढे तिसापर्यंत तयार करून आणा, ते सोडत नाहीत.

---

कंपूवाला | १२ नोव्हेंबर, दुपारी १.२०

मी दोन हिवाळे एका रैनबसेऱ्यावर, म्हणजे रात्रीच्या निवाऱ्यावर, रखवालदारीला होतो. कुठल्या ते लिहीत नाही. जागा असूनही माणसं आत का येत नाहीत, हे लोक मला विचारायचे. मी जे पाहिलं ते सांगतो.

हातठेलेवाला ठेला बाहेर सोडून आत झोपत नाही, कारण सकाळी ठेला नसेल तर पोट नाही. नवरा-बायकोला वेगळं झोपवतात. म्हाताऱ्याबरोबर कुत्रा असतो, तोच त्याची राखण करतो, त्याला आत घेत नाहीत. आधार कार्ड मागतात. जे पिशवीसकट चोरीला गेलंय ते कुठून आणणार? पूर्वी कोणीतरी रात्री पायातले बूट चोरलेले असतात. आणि मजूर अड्डा एका टोकाला, निवारा दुसऱ्या टोकाला. पहाटे सहाला पोचला नाही तर दिवस गेला.

एक गृहस्थ होते, झोपताना गाठोड्याची दोरी स्वतःच्या अंगठ्याला बांधायचे. मी त्यांना एक जुनी लोखंडी पेटी आणि कुलूप आणून दिलं, किल्ली त्यांच्याच गळ्यात. त्या दिवसापासून ते रोज आत झोपले. पन्नास-साठ रुपयांचं कुलूप असेल.

---

वकीलबाई | १२ नोव्हेंबर, रात्री ८.३५

कंपूवाल्यांनी आधारचं काढलंत म्हणून लिहिते.

घर नाही म्हणून आधार नाही, असं होता कामा नये. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. तो द्यायला निवारा चालवणाऱ्याला राजी करणं, हे आपल्या गटांनी करण्यासारखं काम आहे.

मतदार यादीचं तर बहुतेकांना माहीतच नसतं. बेघर माणूस फॉर्म ६ भरू शकतो. पत्ता म्हणून तो जिथे झोपतो ती जागा लिहायची. बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या स्थानिक कर्मचाऱ्याने, रात्री तिथे जाऊन, एकापेक्षा जास्त रात्री, तो खरंच तिथे झोपतो का हे पाहायचं. तशी खात्री झाली की राहत्या जागेचा वेगळा कागद लागत नाही. मी एका अम्मांचा फॉर्म भरला होता. पत्त्यात लिहिलं, "पिंपळाचा पार, देवळासमोर." ओळखपत्र आलं तेव्हा त्यांनी ते बिस्किटाच्या डब्यात, रेशन कार्डाच्या झेरॉक्सवर ठेवलं आणि डबा पुन्हा पुन्हा उघडून पाहत होत्या.

फोन नंबरही लिहून ठेवा: म्हाताऱ्यांसाठी १४५६७, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, मन बिघडलेलं असेल तर टेली-मानस १४४१६.

गोरखी, निवाऱ्यांबद्दलचा अर्ज मी लिहून देते. सह्या तुम्ही जमवा.

---

गोरखी | १२ नोव्हेंबर, रात्री ८.५०

जमवतो. उद्यापासूनच.

---

रातराणी | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.०५

अन्नाचंही असंच आहे बरं का. सोमवारी अचलेश्वरला, मंगळवारी-शनिवारी मारुतीला, गुरुवारी साईबाबांना. या दिवशी इतकं येतं की पुऱ्या गाईला घालतात. बुधवार आणि शुक्रवार कोरडे. सरकारी दीनदयाल रसोईत पाच रुपयांत जेवण आहे, पण ते दुपारचं. आजारी माणूस तिथवर चालत जाणार कसा? आमचं भजनी मंडळ बुधवार घ्यायला तयार आहे. खिचडी करू. खरं तर वाटपासाठी गजक (तीळ-गुळाची कडक वडी) आणायचा विचार होता, पण म्हाताऱ्यांना दात कुठे असतात.

---

तिळगूळ | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

गजक कुटून लाडू करा. माझी आजी तसंच करायची. शिवाय गूळ-तीळ थंडीत चांगलेच. (माझ्या नावाला जागलो!)

---

लष्करकर | २१ डिसेंबर, रात्री १२.५५

मंडळी, उशिरा येतोय. आत्ताच फेरीवरून परतलो.

इथलं सगळं वाचून पाचही गटांना एकदा चहाला बोलावलं. चार आले. व्यापारी मंडळी म्हणाली, आम्ही आमच्या पद्धतीने करू. ठीक आहे, त्यांना रोज कळवत राहू. नवा व्हॉट्सअ‍ॅप गट काढला नाही. एक फोन आहे, तो रात्री दहा ते दोन कंपूवाल्यांकडे असतो. निघायच्या आधी त्यांना सांगायचं, ते म्हणतात, "कंपूत आज गुरुद्वाऱ्याची पोरं आहेत, तुम्ही हजीऱ्याला जा." एवढंच. एवढ्यानेच खूप फरक पडला.

मोजणी साडेअकराला केली. जयारोग्यबाहेरचे नातेवाईक वेगळे धरले. शहराचे सहा भाग पाडले आणि प्रत्येक भागात तीच ती माणसं जातात, हे शेवंतीताईंचं ऐकून. वही एकच आहे, वकीलबाईंकडे. गोरखींच्या अर्जावर चारशेच्या वर सह्या झाल्या, पोच मिळाली, उत्तर अजून नाही.

सगळं जमलं असं नाही. पडावजवळच्या एका दादांना निवाऱ्यात नेलं, तिसऱ्या दिवशी ते परत पुलाखाली. ठेला ठेवायला जागा मिळाली नाही. मागच्या मंगळवारी एक बाबा थरथरायचे थांबले होते. पोरांनी पांढरा_कोट यांचा कागद खिशातून काढून वाचला आणि १०८ बोलावली. ते अजून वॉर्डात आहेत.

त्या अम्मा सापडल्या नाहीत. कंपूतल्या दोघांना त्या आठवतात. एकाने नावही सांगितलं. ते वहीत लिहून ठेवलंय, पुढची जागा मोकळी सोडून.

आत्ता अडचण अशी आहे: एनएसएसच्या मुलांच्या परीक्षा लागल्यात. या शुक्रवारी ठाठीपूरला जायला कोणी नाही. दोन माणसं आणि एक गाडी हवी.

---

मुरारवासी | २१ डिसेंबर, रात्री १.०२

एक मी. गाडी आहे.

---

शेवंती | २१ डिसेंबर, रात्री १.०९

दुसरी मी. काकाही येतो म्हणतायत. चहाचे दोन थर्मास आहेत, तिसरा कोणी देईल का?